घरातला पहिला स्टिरिओ: पेट्या दोन आल्या, पण डावे-उजवे वेगळे कधी ऐकलेत?

कृष्णाकाठ (धागालेखक)

नमस्कार. आमच्या घरी पहिला स्टिरिओ १९८६ साली, दिवाळीच्या आधी आला. वडील सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि पुण्याहून तो संच विकत घेऊन एसटीने घरी आणला. अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅसेट डेक एकाच पेटीत, आणि सोबत काळ्या जाळीचे दोन लाकडी स्पीकर, असा तो संच होता. खोकी टपावर टाकायला वडील काही केल्या तयार नव्हते. त्यांनी लगेजचे तिकीट काढले आणि एक खोके पायाशी, दुसरे मांडीवर व तिसरे शेजारच्या प्रवाशाच्या परवानगीने दोघांच्या मध्ये ठेवून ते सांगलीपर्यंत आले.

त्या संचाच्या दर्शनी भागावर, पिवळसर उजेड असलेल्या दोन खिडक्यांत, डाव्या आणि उजव्या बाजूच्या आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे होते. घरात लागलेली पहिली कॅसेट बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या नाट्यपदांची होती. ती लागली की दोन्ही काटे अगदी जोडीने उठत आणि जोडीने पडत, त्यामुळे ते दोन कशाला दिले आहेत, हे मला समजत नसे. काही दिवसांनी वडिलांनी चित्रपटगीतांची एक नवी कॅसेट आणली. तिच्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीला डावा काटा एकटाच उडाला, उजवा जागच्या जागी राहिला, आणि मग व्हायोलिनचा समूह सुरू होताच उजवा उठला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आपल्याकडे आलेली वस्तू काय आहे, हे मला कानांच्या आधी डोळ्यांनी समजले.

परंतु हे प्रत्यक्ष ऐकण्याचा योग फार दिवस टिकला नाही. आईला स्वयंपाकघरात काम करताना गाणी ऐकू यावीत म्हणून महिन्याभरातच उजव्या स्पीकरची पेटी आतल्या फळीवर गेली. तार पुरेना, म्हणून वायरमनकडून जोड देऊन ती वाढवून घेतली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे पुढच्या खोलीत डावी बाजू आणि आत उजवी बाजू, अशीच आमची गाणी वाजत राहिली. पुढे डेक बंद पडला आणि सगळा संच माळ्यावर गेला. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांमधले बहुतेक सामान गेले, हा संच मात्र माळ्यावर असल्यामुळे वाचला.

वडील आता नाहीत. या वर्षी मी डेकचा पट्टा बदलून घेतला आणि त्याच जुन्या तारा जोडून दोन्ही पेट्या प्रथमच एका भिंतीला, खुर्चीसमोर मांडल्या. तीच नाट्यपदांची कॅसेट लावली. गाण्याचा आवाज समोरून येण्याऐवजी दोन्ही कडांना पसरल्यासारखा, कुठून येतो आहे ते न समजणारा असा येतो. तबल्यातला डग्गा तर जवळजवळ नाहीसाच होतो. गंमत अशी, की एका पेटीजवळ जाऊन कान लावला तर डग्गा व्यवस्थित ऐकू येतो, आणि दुसरीजवळ गेलो तरी तसाच येतो.

माझे दोन प्रश्न आहेत. हा दोष कशाचा असावा? आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा संच होता, त्यांनी डावा आणि उजवा आवाज खरोखर वेगळा असा पहिल्यांदा कधी ऐकला?

पासोड्या विठोबा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते सोपे आहे, कारण माझा पहिला स्टिरिओ मी स्वतः जोडला होता. १९८१ साली मी पुण्यात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांतून टीबीए ८१० या आयसीच्या, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपच्या, दोन पट्ट्या आणल्या, डाव्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक. १६ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर ही आयसी साधारण ७ वॉट देते. आज हा आकडा लहान वाटेल, पण वाड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्याने खिडकीची तावदाने हलत. पेट्या आमच्या आळीतल्या सुताराने प्लायवूडच्या करून दिल्या. मागची बाजू त्याने उघडी ठेवली होती. ती बंद करून, आत कापूस भरून पुन्हा स्क्रू मारल्यावर खालचा आवाज कसा भरून आला, ते मला अजून जसेच्या तसे आठवते. पहिल्या दिवशी मात्र गाण्याऐवजी नुसती भणभण ऐकू आली. अर्थिंगच्या सगळ्या तारा मी जागोजागी जोडल्या होत्या, आणि त्या एका बिंदूवर आणून बांधल्यावरच ती थांबली.

आता आपला पहिला प्रश्न. आपण जे वर्णन केले आहे ते इतके नेमके आहे, की मला फारशी शंका उरत नाही. आपल्या दोन पेट्यांपैकी एकीची जोडणी उलटी झाली आहे. अ‍ॅम्प्लिफायरचे धन टोक एका पेटीच्या धन टोकाला आणि दुसऱ्या पेटीच्या ऋण टोकाला जात असले, की एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो त्याच क्षणी दुसरा आत जातो. एकाने पुढे ढकललेली हवा दुसरा मागे ओढतो आणि दोघांचा आवाज एकमेकांना खोडतो. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असतात, त्यामुळे डग्गा सर्वांत आधी जातो. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही पेट्यांतून सारखाच येत असतो आणि त्यामुळेच तो मध्यभागी ऐकू यायला हवा, पण उलट्या जोडणीत त्याचा मध्यच हरवतो. पेटीजवळ गेल्यावर सगळे ठीक वाटते, कारण तिथे आपण एकच पेटी ऐकत असता.

खात्री करून घेण्यासाठी आधी संच बंद करा आणि दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागून सोडवा. पेटीची जाळी काढा. १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घेऊन, तारेचे जे टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल बाजूला होते त्याला सेलचे धन टोक आणि दुसऱ्याला ऋण टोक क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज येईल आणि कागदी पडदा एकदम बाहेर येईल किंवा आत जाईल. सेल लावून धरू नका, नुसता टेकवा. दोन्ही पेट्यांचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. ही परीक्षा मुद्दाम तारेच्या टोकावर करायला सांगतो आहे, पेटीच्या मागच्या टोकावर नाही. आपण लिहिलेला तो वायरमनचा जोड वाचल्यापासून मला त्याचाच संशय येतो आहे. त्या काळी वापरात असलेल्या पिळाच्या वायरीच्या दोन्ही तारा पुष्कळदा एकाच रंगाच्या असत.

पेट्या दोन वेगळ्या खोल्यांत असताना हा दोष कोणाच्याही लक्षात येणे शक्य नव्हते, त्यामुळे घरातल्या कोणाच्या कानाला उणेपणा देऊ नये.

हर्णै बंदर

आमच्या घरचा पहिला स्टिरिओ म्हणजे कुवेतहून आलेला ‘टू-इन-वन’, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले यंत्र. वडील तिकडे नोकरीला होते, आणि १९८३ च्या सुट्टीत त्यांनी तो आणला. त्याच्या दोन्ही पेट्या अंगच्याच होत्या, सुटत नसत, त्यामुळे दोन बाजूंमध्ये फार तर हातभर अंतर. गाणी ऐकताना ती डावीकडून येतात की उजवीकडून, हे आम्हां भावंडांना कधी जाणवले नाही. मात्र त्या यंत्राच्या दर्शनी पट्टीवर, दोन टोकांना, बारीक छिद्रांमागे दोन मायक्रोफोन होते, आणि आमची हकिकत त्यांच्यामुळे घडली.

वडील परत गेले ते ६० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटी आमच्याकडे ठेवून. दर महिन्याला त्यांना पत्राऐवजी कॅसेट जाई. गावात ज्यांची माणसे आखातात होती, अशा इतरही घरी हे चाले. आम्ही यंत्र ओटीवर मध्ये ठेवत असू. आजी नेहमीप्रमाणे डाव्या अंगाला, खांबाला टेकून बसे. आम्ही मुले उजवीकडे, पायरीच्या बाजूला. आई मागे उभी राहून बोले आणि मधूनच घरात जाई. मागीलदारी कोंबड्या असत, आणि समुद्राचा आवाज तर सततचाच. एक बाजू भरली की ती चुकून पुसली जाऊ नये म्हणून मी कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा दात पेन्सिलीने मोडून टाकत असे. ते काम माझे होते आणि ते मी कोणाला करू देत नसे.

वडील दोन वर्षांनी आले तेव्हा त्यांनी आम्हांला एक गोष्ट सांगितली. ते राहत असलेल्या खोलीत सहकाऱ्याकडे कानाला लावायचे हेडफोन होते. ते लावून त्यांनी आमची कॅसेट ऐकली, तेव्हा आजी डाव्या कानाशी बोलत होती, आम्ही उजव्या कानाशी भांडत होतो, आणि आईचा आवाज मागून पुढे येऊन पुन्हा घरात गेला. ओटीवर कोण कुठे बसले आहे, हे त्यांना डोळे मिटून दिसत होते, असे ते म्हणाले. सुट्टीवर आल्यानंतर त्यांनी आजीला तिच्या खांबाशी बसवले आणि आम्हांला पायरीवर बसायला सांगितले, आणि स्वतः यंत्राच्या जागी मध्ये बसून राहिले.

तेव्हा, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आमच्या घरात स्टिरिओ पहिल्यांदा ऐकला तो वडिलांनी, आणि तोही घरापासून इतक्या दूर. मी स्वतः तो ऐकला २०११ साली, त्याच कॅसेटी संगणकात उतरवून घेताना. आजी तोवर गेलेली होती. चौदा कॅसेटींपैकी अकरा चांगल्या निघाल्या. खाऱ्या हवेने यंत्राचे पट्टे विरघळून डांबरासारखे झाले होते, फीत मात्र टिकली होती. कोणाकडे अशा कॅसेटी असतील तर त्या लगेच उतरवून घ्याव्यात, असे मी अगदी कळकळीने सांगेन. गाण्यांच्या कॅसेटींची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळते, या कॅसेटींची मिळत नाही.

तबकडी

पासोड्या विठोबा यांच्या निदानाशी मी सहमत आहे. दोन मुद्द्यांची भर घालतो.

धागालेखकांचे काटे जोडीने का हलत, त्याचे कारण त्या ध्वनिमुद्रणातच आहे. बालगंधर्वांच्या मूळ तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत. दोन बाजूंचा आवाज वेगळा ठेवणाऱ्या तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास, म्हणजे त्यानंतर. मूळ ध्वनिमुद्रणच एकेरी (मोनो) असल्यामुळे कॅसेटच्या दोन्ही पट्ट्यांवर एकच आवाज आहे. म्हणूनच जोडणी तपासायला यापेक्षा चांगली कॅसेट नाही. जोडणी सरळ असेल तर सगळे गाणे दोन पेट्यांच्या बरोबर मधून, एका जागेहून आले पाहिजे.

आणि याच कारणामुळे मला असे वाटते, की आपल्या वडिलांनी एक पेटी स्वयंपाकघरात दिली त्यात संगीताचे नुकसान असे काहीच झाले नाही. आपल्या घरांत तेव्हा जे ऐकले जाई, म्हणजे नाट्यपदे, जुनी भावगीते, अभंग, त्यातले कितीतरी एकेरीच मुद्रित झालेले होते. ते दोन खोल्यांत पुरे ऐकू येणे ही दुसऱ्या पेटीची रास्त सोय होती. समोर खुर्ची टाकून, पेट्यांशी समभुज त्रिकोण साधून बसणे ही ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याची चैन आहे. माझ्या घरी ती अगदी अलीकडे झाली.

एक सूचना. इतकी वर्षे पडून असलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट विजेवर लावू नये. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये, लावून सुरू करावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे आणि तो ताबडतोब बंद करावा. आपला संच वाजतो आहे, म्हणजे ही पायरी पार पडली. तरीही कपॅसिटर एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

कृष्णाकाठ (धागालेखक)

आपणां तिघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सेल टेकवून पाहिला. डाव्या पेटीचा पडदा बाहेर आला, उजवीचा आत गेला. मग उजव्या पेटीच्या मागच्या टोकांवर थेट सेल लावला, तर तो बाहेर आला, म्हणजे पेटी निर्दोष होती. तार हाताने चाचपत गेलो आणि मधोमध तो जोड सापडला. त्यावरची कापडी चिकटपट्टी वाळून कडक झाली होती. ती उकलली तेव्हा आत तारा अदलाबदल करून पिळलेल्या दिसल्या. त्या सोडवल्या, टोके खरवडली, नीट जोडून वर नवी टेप गुंडाळली. तारेच्या टोकाला वडिलांनी शाळेच्या वहीच्या कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती, तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘उजवा – आत’ असे लिहिलेले आहे. ती मी तशीच ठेवली आहे.

कॅसेट पुन्हा लावली. आवाज भिंतीच्या मोकळ्या भागातून, जिथे काहीही नाही तिथून आला. डग्गा परत आला. काटे पूर्वीसारखेच जोडीने चालले होते.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहून संपूर्ण पद ऐकले. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितले. तिने नाही म्हटले, आणि हे झाल्यावर ती पेटी पुन्हा आत फळीवर लावून दे, तिथे मला चांगले ऐकू येते, असे सांगून ती कामाला गेली. आज बाजारातून एक तांबडी आणि एक काळी अशी वीस फूट तार आणली आहे, मध्ये जोड न देता.