पुणे–चिपी विमान: तासाभराचा प्रवास, पण वेळ खरंच वाचतो का?

तळकोकणी:
पुणे ते सिंधुदुर्गातलं चिपी, हवाई अंतर साधारण २९० किलोमीटर. ऑगस्ट २०२४ अखेर ही सेवा सुरू झाली, वेळापत्रकात जेमतेम तासाभराचा प्रवास. रस्त्याने आंबोली उतरून कुडाळ गाठायचं तर आठ तास कुठे गेले नाहीत. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. तपासणीला यायचं म्हटलं की तिचं एकच, "माका रातभर गाडयेत बसूक जमाचा नाय." विमानाने परत नेलं तेव्हा खिडकीतून चिपीचा तांबडा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, दिसला आणि तिने माझा हात घट्ट धरला. अशी सेवा सरकारने अनुदान देऊन रोज चालवावी, असं माझं ठाम मत आहे.

लालपरी:
आईंचा त्रास कळतो, पण हिशेब पुरा मांडा. कोथरूडहून लोहगावचा पुणे विमानतळ सव्वा तास. तिथे दीड तास आधी पोचायचं. विमानात एक तास. उतरून सामान घेऊन कुडाळला पोचेपर्यंत आणखी तास. झाले की पावणेपाच! वाचले तीन तास, तेही दिवसाउजेडी. रात्रीच्या गाडीत दिवस मोडत नाही. विमानात बसणार सत्तर माणसं. त्यांच्या तिकिटावर खर्च होणारा पैसा घाटरस्त्यांवर आणि एसटीवर खर्च केला तर रोज हजारोंची सोय होईल.

घारघिरट्या:
तासाचं गणित सांगतो. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान, उंची गाठल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नुसते २९० किलोमीटर कापायला ३५ मिनिटं पुरतील. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरायला वळसा घेणं यात जातो. लोहगाव तर हवाई दलाचा तळ, तिथे आपल्या सोयीने हलता येत नाही. जेट आणलं तरी फार तर दहा मिनिटं वाचतील. अंतर जेवढं कमी, तेवढा विमानाचा फायदा आटत जातो, हे मान्य करायला हवं.

सावंतवाडीकर:
आम्ही मोपाला, गोव्यातल्या विमानतळावर जातो. जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, विमानंही भरपूर. चिपीपासून सरळ रेषेत ५० किलोमीटरसुद्धा नाही. दोन विमानतळ इतके जवळ कशाला?

तळकोकणी:
तुम्हाला मोपा जवळ, मालवण-देवगडच्या माणसाने काय करायचं? मोपाला उतरून मालवण म्हणजे पुन्हा दोनेक तास. आणि लालपरी, गुडघा दुखणाऱ्या माणसाचे तीन तास नुसते घड्याळात मोजू नका. माझी खरी काळजी वेगळीच आहे. मुंबई–चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला 'उडान' या छोट्या शहरांच्या विमानांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत सुरू झालं, तेव्हा गावात केवढा आनंद होता! पण उडानचं अनुदान तीनच वर्षांचं. विमान उद्या असेल की नाही हेच माहीत नसेल, तर डॉक्टरची तारीख कोण घेणार?

लालपरी:
हे पटलं. बेभरवशाच्या विमानापेक्षा रोजची गाडी बरी, मी तेच म्हणतोय. तरीही एक करा. विमान उतरायच्या वेळेला सड्यावर कुडाळ आणि मालवणची एसटी उभी ठेवा, माझा निम्मा विरोध तिथेच संपला.