आयफ्रेमला हाइट १००% दिली तरी नुसती पट्टीच दिसते

ऐरोली_सेक्टर८
सोसायटीची जुनी साइट फ्रेमसेटवर आहे, म्हणजे एका खिडकीत दोन वेगळी पानं शेजारी-शेजारी दाखवायची जुनी पद्धत. डावीकडे मेनू, उजवीकडे पान, रुंदी (कॉल्स) "२५%,७५%". मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसतं. म्हणून वर डॉकटाइप (पान आधुनिक नियमांनी दाखव, असं ब्राउझरला सांगणारी पहिली ओळ) टाकला, फ्रेमसेट काढून मेनू एका डिव्हमध्ये (साध्या चौकटीत) आणि पान आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत) घेतलं. हाइट १००% लिहिली आहे, तरी आयफ्रेम जेमतेम चार बोटं उंच. काय चुकतंय?

घोडबंदरचा_कोडर
टक्क्यातली उंची आईबाप एलिमेंटच्या, म्हणजे बाहेरच्या चौकटीच्या, उंचीवरून ठरते. त्याचीच उंची ठरलेली नसेल तर तुमचे १००% बाद होतात आणि आयफ्रेम आपल्या मूळ मापावर येते: ३०० बाय १५० पिक्सेल. तुमची पट्टी म्हणजे हेच १५०.

एचटीएमएल, बॉडी आणि मधला प्रत्येक डिव्ह, सगळ्यांना हाइट १००% द्या. एक कडी सुटली की पुन्हा १५०. डॉकटाइप नसताना ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या साइटींच्या ढिल्या नियमांनी, चालतो आणि ही साखळी नसली तरी खपवून घेतो. नेटवरची जुनी उदाहरणं तशीच्या तशी उचलली की म्हणूनच फसतात.

मग दोन-दोन स्क्रोलबार येतील. बॉडीला मुळातच ८ पिक्सेल मार्जिन असतं, आयफ्रेमला चहूबाजूंनी २ पिक्सेलची बॉर्डर, शिवाय ती इनलाइन, म्हणजे ओळीतल्या अक्षरासारखी बसणारी, असल्यामुळे खाली थोडी फट राहते. मार्जिन ०, बॉर्डर ०, डिस्प्ले ब्लॉक. तिन्ही करा, एकाने भागत नाही.

मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण वेगळं आहे. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणारी ओळ) नसला की फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आक्रसतो. विड्थ=डिव्हाइस-विड्थ लिहा. पण मग ३६० पिक्सेलच्या फोनवर २५% म्हणजे फक्त ९०. त्यात "थकबाकी" मावेल, "ना हरकत प्रमाणपत्र" नाही.

नेरुळ_पूर्व
मुळात आयफ्रेम हवीच कशाला? त्यात अॅड्रेस बदलत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नोटिशीची लिंक टाकली की उघडणार पहिलंच पान, मग "कुठाय नोटीस?" चालू. मेनू वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या) इन्क्लूडने प्रत्येक पानात ओढा. मेनूतल्या लिंक स्लॅशने सुरू करा, नाहीतर सबफोल्डरमधल्या पानांवरून तुटतील. आणि फाइल डबल-क्लिक करून तपासू नका, सर्व्हरशिवाय पीएचपी चालत नाही.

मांडणीसाठी सीएसएसची ग्रिड: कॉलम्स २०० पिक्सेल आणि १ एफआर (उरलेल्या जागेचा वाटा). ६०० पिक्सेलच्या आत मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारा नियम) लावून एकच कॉलम, मेनू वर.

ऐरोली_सेक्टर८
केलं, लॅपटॉपवर झकास. पण मेंटेनन्सचं नऊ रकान्यांचं टेबल मोबाइलवर अख्खं पानच आडवं ताणतंय.

नेरुळ_पूर्व
१ एफआर आतल्या मजकुराच्या किमान रुंदीखाली जात नाही, टेबल अरुंद होत नाही म्हणून कॉलमही नाही. १ एफआरऐवजी मिनमॅक्स (०, १एफआर) लिहा, म्हणजे किमान रुंदी ० धरली जाते. मीडिया क्वेरीतही, लोक नेमकं तिथेच विसरतात. मग टेबलाभोवती एक डिव्ह, त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, म्हणजे मावत नसेल तर आडवा स्क्रोल. सरकेल ते टेबल, पान जागेवर राहील. ओव्हरफ्लो हिडन मात्र नको, शेवटचा "एकूण" रकानाच कापला जाईल.

घोडबंदरचा_कोडर
हे पटलं, मेनूसाठी आयफ्रेम नकोच. संपर्काच्या पानावर गुगल मॅप टाकणार असाल तर तिथे ती लागेल. तिला विड्थ १००%, हाइट ऑटो आणि अॅस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) ४/३ द्या, म्हणजे उंचीची साखळी लागत नाही. मॅपच्या कोडमध्ये विड्थ ६००, हाइट ४५० आधीच लिहिलेलं येतं. सीएसएसमध्ये हाइट ऑटो राहून गेलं तर ते ४५० तसंच लागू राहतं आणि फोनवर नकाशा उभाच्या उभा लांबट दिसतो.