दगडी (कासेची सूज) एकच, मग एक गाय मरणाच्या दारात आणि दुसरी खातेपिते, असं का?

राम राम मंडळी. संगमनेर तालुका, ७ एचएफ (होल्स्टिन जातीच्या) गायी आहेत. तिसऱ्या वेताची गाय व्याली, चौथ्या दिवशी संध्याकाळी धार नीट दिली आणि पहाटे बघतो तर कासेची मागची डावी बाजू दगडासारखी, सडातून दूध नाहीच नुसतं पिवळसर पाणी, ताप १०६, रवंथ बंद, दुपारी कान गार पडले आणि खालीच बसली. डॉक्टरांनी सलाईन, अँटिबायोटिक, सुजेचं इंजेक्शन दिलं, ई-कोलाय जंतू वाटतोय म्हणाले. माझ्याच दुसऱ्या गायीला वर्षभर दगडी आहे, मधूनच गुठळ्या येतात पण तिला ताप नाही, दूधही देते. असं का होतं कोणी समजावून सांगाल का, दोन रात्री गोठ्यातच बसून काढल्यात.

---

दादा, मी पशुवैद्यक आहे. ई-कोलायच्या बाहेरच्या कवचातच विष असतं, एंडोटॉक्सिन म्हणतात त्याला, आणि जंतू वाढताना व मरताना ते सुटतं. कासेतल्या पेशींवर हे विष ओळखणारा टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर असतो, त्याला विष लागलं की पेशी धोक्याचे निरोप सोडतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांत कासेत धावून येतात. निरोगी दुधात मिलीलिटरला लाखाच्या आत असणाऱ्या पेशी एका दिवसात कित्येक लाखांवर जातात. सूज, ताप, पाणी झालेलं दूध हे बरंचसं गायीच्या स्वतःच्या लढाईचं आहे. प्रयोगात जिवंत जंतू न घालता नुसतं विष सडात सोडलं तरी कास सुजते. म्हणूनच अँटिबायोटिकने जंतू मेले तरी गाय लगेच उठत नाही, तिला सुजेचं औषध आणि सलाईन जास्त तारतं. त्यात नुकत्याच व्यालेल्या गायीच्या पांढऱ्या पेशी मंद असतात, त्या उशिरा पोचतात, तोवर जंतू बेसुमार वाढलेले असतात आणि मग सगळा भडका एकदम उडतो.

दुसऱ्या गायीत बहुतेक स्टॅफ ऑरियस नावाचा दुसरा जंतू असावा. त्याच्यात हे एंडोटॉक्सिन नाही, त्यामुळे आरडाओरडा कमी होतो, तो पेशींच्या आत लपून बसतो आणि वर्षानुवर्षं राहतो. खातेपिते म्हणून तिला सोडू नका, तिच्यापासून बाकीच्यांना लागेल, तिची धार सगळ्यात शेवटी काढा.

---

आमच्याकडं पण दोन पावसाळ्यापूर्वी असंच झालं, गाय वाचली पण तो सड त्या वेतात आटलाच, पुढच्या वेताला मात्र दूध आलं. तेव्हापासून धार झाली की सड औषधात बुडवतो आणि लगेच वैरण टाकतो म्हणजे अर्धा तास तरी ती उभी राहते, कारण सडाचं तोंड लगेच मिटत नाही आणि शेणात बसली की जंतू थेट आत. व्यायची जागा कोरडी ठेवा भाऊ, एवढं कराच.

---

आज सकाळी उठली!! थोडा मका खाल्ला. डॉक्टर, ह्याच्यावर लस असते का?

---

खूप बरं वाटलं वाचून. जे-५ नावाची लस अमेरिकेत बरीच वर्षं वापरतात, ई-कोलायच्या अशा वाणापासून केलेली ज्याच्या विषाची बाहेरची साखळी गळालेली आहे. लागण थांबतेच असं नाही, पण झाली तर गाय इतकी खचत नाही. आधी दुसऱ्या गायीचं दूध कल्चरला (कोणता जंतू आहे ते बघायच्या तपासणीला) पाठवा, सड स्पिरिटने पुसून पहिल्या दोन-तीन धारा सोडून मगच बाटलीत घ्या.