रिकॉम्बिनंट प्रथिन तयार होऊ लागताच ई. कोलायची वाढ का थांबते?

रेणुवेध (प्रश्न)

बीएल२१(डीई३) या ई. कोलाय जिवाणूच्या प्रकारात टी७ प्रमोटरच्या (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) ताब्यात एका मानवी एन्झाइमचे जनुक ठेवून मी रिकॉम्बिनंट, म्हणजे परक्या जनुकापासून बनणारे, प्रथिन तयार करत आहे. ही निर्मिती सुरू करणारे आयपीटीजी हे रसायन घालेपर्यंत जिवाणू नेहमीच्या वेगाने वाढतात, पण त्यानंतर तासाभरात ओडी ६०० चा (माध्यमाच्या गढूळपणावरून पेशींची दाटी दाखवणाऱ्या मापाचा) आलेख जवळजवळ आडवा होतो. फ्लास्क रात्रभर तसाच ठेवला, तर सकाळी ओडी बरीच वाढलेली असते, प्रथिन मात्र त्या प्रमाणात मिळत नाही. हे एन्झाइम जिवाणूला विषारी असावे असे त्याच्या कार्यावरून वाटत नाही. ही मंदी ऊर्जा अपुरी पडल्यामुळे येते का, आणि तसे असल्यास ग्लुकोज वाढवून उपयोग होईल का?

पेशीगणित

ऊर्जा खर्च होते हे खरेच, परंतु भरपूर पोषक माध्यमात पहिली अडचण बहुधा ऊर्जेची नसते. ती रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रांच्या, वाटपाची असते. पेशी किती वेगाने वाढेल हे तिच्या एकूण प्रथिनांपैकी किती हिस्सा रायबोसोम आणि चयापचयाची एन्झाइमे यांच्या वाट्याला येतो यावर ठरते. तुमचे एन्झाइम निरुपद्रवी असले, तरी पेशीच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे, आणि ते जितकी जागा व्यापते तितका हा हिस्सा आक्रसतो. स्कॉट, ह्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की निरुपयोगी प्रथिनाचे प्रमाण वाढते तसा वाढीचा वेग जवळपास सरळ रेषेत घटतो आणि ती रेषा पुढे वाढवली असता एकूण प्रथिनांच्या साधारण निम्म्यावर तो शून्याला पोहोचतो. म्हणजे परके प्रथिन पाव हिस्सा झाले, तर वेग जवळजवळ निम्मा होतो. टी७ प्रणालीत काही तासांत एकच प्रथिन एकूण प्रथिनांच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते, हे लक्षात घेतले की तुमचा आडवा आलेख अनपेक्षित वाटत नाही.

ग्लुकोज वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही. जास्तीच्या ग्लुकोजमुळे ॲसिटेट साचते, जे स्वतःच वाढ रोखते. शिवाय लॅक प्रणालीवर (आयपीटीजी जिच्यामार्फत जनुक सुरू करते त्या यंत्रणेवर) अवलंबून असलेली निर्मितीही त्यामुळे काही अंशी दबते.

जिवाणूवाचक

वरील मांडणी मला मान्य आहे, पण तिच्या मर्यादेकडे लक्ष वेधावेसे वाटते. ते सरळ रेषेचे नाते स्थिर, संतुलित वाढीच्या अवस्थेत मोजलेले आहे. आयपीटीजीने टी७ एकदम सुरू केल्यावर पेशी त्या अवस्थेत राहतच नाही. टी७ प्रमोटरवरून जनुक वाचणारे टी७ पॉलिमरेज हे एन्झाइम ई. कोलायच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कित्येक पटींनी वेगाने आरएनए बनवते, त्यामुळे परक्या संदेशवाहक आरएनएचा साठा पेशीच्या संदेशांना मागे सारतो. काही परिस्थितींत अशा अतिनिर्मितीनंतर रायबोसोमच नष्ट होऊ लागल्याचेही आढळले आहे. त्यात मानवी प्रथिन नीट घडी न पडता इन्क्लुजन बॉडीच्या (अविद्राव्य गोळ्यांच्या) रूपात साचले, तर डीएनएके आणि ग्रोईएल यांसारखी घडी पाडायला मदत करणारी सहायक प्रथिने तिकडे गुंतून पडतात. एजीए, एजीजी हे आर्जिनिन या अमिनो आम्लाचे कोडॉन (तीन अक्षरी संकेत) मानवी जनुकांत वारंवार येतात आणि ई. कोलायमध्ये ते वाचून अमिनो आम्ल आणणारे टीआरएनए कमी असतात, तेव्हा रायबोसोम तेथे अडकतो. म्हणजे भार केवळ प्रथिनाच्या प्रमाणावर मोजून चालत नाही.

सकाळच्या वाढलेल्या ओडीबद्दल मला अधिक चिंता वाटते. ती तुमच्या निर्मितीक्षम पेशींची वाढ नसावी. ज्यांनी प्लाझ्मिड (तुमचे जनुक वाहणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) गमावले किंवा ज्यांच्या गुणसूत्रावरील टी७ पॉलिमरेजच्या जनुकात वा त्याच्या प्रमोटरमध्ये बदल झाला, त्या पेशींवर भार नसतो आणि त्या रात्रीतून फ्लास्क व्यापतात. वॉकर यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये वर्णन केलेले सी४१ आणि सी४३ हे प्रकार अशाच वाचलेल्या पेशींतून निवडलेले आहेत. त्यांच्यातील बदलामुळे टी७ पॉलिमरेजच्या जनुकाचा लॅकयूव्ही५ हा प्रमोटर क्षीण झाल्याचे पुढे २००८ मध्ये उघड झाले.

रेणुवेध

माध्यमात ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक आहे आणि त्याचा प्रतिरोध प्लाझ्मिडवरील जनुकामुळेच मिळतो. ते असताना प्लाझ्मिड गमावलेल्या पेशी टिकतील कशा? आणि दोन्ही प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखता येतील का?

जिवाणूवाचक

प्रतिरोधक पेशींतून ॲम्पिसिलिन तोडणारे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम माध्यमात पाझरते आणि दाट वाढीत ॲम्पिसिलिन लवकर संपते, म्हणून त्या टिकतात. ओळखण्यासाठी आयपीटीजी घालण्याच्या अगदी आधी आणि पुन्हा सकाळी नमुना घेऊन, योग्य ते विरलन करून चार प्लेटांवर पसरा: साधी, ॲम्पिसिलिनची, आयपीटीजीची आणि दोन्ही असलेली. फक्त साध्या व आयपीटीजीच्या प्लेटवर उगवणाऱ्या वसाहती प्लाझ्मिड नसलेल्या पेशींच्या असतात. दोन्ही एकत्र असलेल्या प्लेटवर उगवणाऱ्या वसाहतींत प्लाझ्मिड असते, पण त्या प्रथिन बनवत नाहीत.

पेशीगणित

यासोबत एक नियंत्रण अवश्य ठेवा, कारण केवळ रिकामे प्लाझ्मिड पुरेसे नाही. रायबोसोम बसण्याची जागा काढून टाकलेले हेच जनुक वापरले, तर आरएनए बनतो पण प्रथिन बनत नाही. त्या फ्लास्कमध्ये वाढ टिकली, तर भार प्रथिन बनवण्याचा आहे आणि तापमान १८ अंशांवर आणून आयपीटीजी बरेच कमी करणे उपयोगी ठरेल. तेथेही वाढ थांबली, तर भार मुख्यतः टी७ पॉलिमरेजचाच आहे आणि आधी प्रमोटर किंवा जिवाणूचा प्रकार बदलायला हवा.