मैदानच उरलं नाही, तर पोरं खेळणार कुठे?

'मोबाइलमुळे पोरं मैदानात येत नाहीत' हे मत मला अर्धंच पटतं. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात आधी मैदानच गेलं. शाळेमागे मोकळी जागा होती, खो-खोचे दोन खांब कायमचे गाडलेले. काळ्या मातीचा चिखल होतो म्हणून गावकऱ्यांनीच बैलबंड्या भरून मुरूम टाकला होता. आता तिथे नवी वर्गखोली, पाण्याची टाकी आणि उरल्या जागेत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे. चिखल गेला, हे चांगलंच. पण गट्टूवर सूर कोण मारणार? कबड्डीत पकड झाली की कोपर सोलून निघतं. आणि एप्रिलच्या उन्हात तिथे अनवाणी पाय ठेववत नाही.

ज्या वऱ्हाडातल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, तिथल्या पोरांची ही गत व्हावी, याचं फार वाईट वाटतं. खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा पुरते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढचं गट्टूचं काम मंजूर होण्याआधी त्यांनी तेवढी मातीची जागा मागून घ्यावी.