लांडग्यांसोबत कुत्र्यांचीही नोंद हवी
लांडगे वाचवायला स्वयंसेवकांनी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावावेत आणि शाळांत माहिती द्यावी, असं सुचवलं जातं; ते पटतं. पण पुणे-सोलापूरच्या माळरानांवर तेवढ्याने भागत नाही. तिथे मोकाट कुत्र्यांची नोंदही तितकीच गरजेची आहे. रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) त्यांच्याकडून लांडग्यांत जाऊ शकतात. शिवाय पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. म्हणून वेगळ्या रंगाचा, संकर असू शकेल असा प्राणी दिसला की मी फोटो, जागा, वेळ वनखात्याला कळवतो. थंडीत लांडग्यांची पिल्लं असतात तेव्हा बिळाची जागा मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच टाकू नका.

आणि शाळेच्याही आधी धनगरांच्या वाड्यावर जा. कुत्र्यांना लस कुठे टोचून मिळते, लांडग्याने मेंढरू मारलं तर वनरक्षकाला लगेच कळवून, पंचनामा करून भरपाई कशी मागायची, हे त्यांना हवं असतं. लांडग्याशी रोजची गाठ त्यांचीच पडते.