प्रौढ विद्यार्थ्यांना शाळेचे गुण कशाला विचारायचे?

सांजवेळ
वय ४१. समाजकार्यात पदवी करायची आहे. प्रवेशासाठी तीन गोष्टी हव्यात: शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ठरावीक टक्के, गणितात उत्तीर्ण, आणि 'अलीकडे शिकवलेल्या' शिक्षकांचं शिफारसपत्र. टक्के चारने कमी पडतात. २३ वर्षांपूर्वी, वडील अंथरुणाला खिळलेले असताना दिलेल्या परीक्षेचे ते गुण. शिफारसपत्राची तर गंमतच. आमच्या बाई कधीच्या निवृत्त झाल्या. शाळेत फोन केला तर कारकून म्हणाले, "तुमच्या बॅचची रजिस्टरं माळ्यावर आहेत."

मधली १२ वर्षं वृद्धाश्रमात काढली. रात्रपाळ्या लावल्या, औषधांच्या नोंदी ठेवल्या, नातेवाइकांची भांडणं मिटवली. त्यासाठी अर्जात एक रकाना आहे, 'इतर माहिती'. त्यात शंभर शब्द मावतात.

माझं म्हणणं सरळ आहे. अमुक एक वय झालं की शाळेचे गुण बघूच नयेत. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं, १९७१ पासून शिकवतंय, आणि पदवीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना आधीच्या गुणांची अट नाही. काय आभाळ कोसळलं?

खडूफळा
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. मी पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवतो. (हो, समाजकार्यवाल्यांनाही. सर्वेक्षणाचे तक्ते वाचता यायला नकोत का?) दुसऱ्याच आठवड्यात कळतं कोण बुडणार ते. एकदा पस्तिशीचे एक गृहस्थ तास संपल्यावर वही घेऊन आले. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढताना ऋण संख्येचा वर्ग त्यांनी ऋणच ठेवला होता, पुढचं सगळं गणित त्यावर उभं. हुशार माणूस, कष्टाळूही. पण ते भोक शाळेतलं होतं आणि ते बुजवायला माझ्याकडे वेळ नव्हता. दिवाळखोरीत निघालेल्यासारखा चेहरा करून त्यांनी सहामाहीआधीच नाव काढलं. फी भरून झाली होती.

आणि ओपन युनिव्हर्सिटीत आत शिरणं सोपं आहे, पदवी घेऊन बाहेर पडणं नाही. आतल्या परीक्षेत वयाची सूट नसते.

एका_मार्काने
मी १८ व्या वर्षी एका गुणाने हुकलो. तेव्हा आमच्या घरी काय चाललंय हे कुणी विचारलं नाही. आता पाच-सात वर्षं थांबलो की तीच मार्कशीट पवित्र होणार का?

सांजवेळ
@एका_मार्काने तुम्हालाही विचारायला हवं होतं, असंच म्हणेन मी. तुमच्यावर अन्याय झाला म्हणून तो सगळ्यांवर व्हावा, हे कुठलं गणित?

@खडूफळा सर, त्या गृहस्थांना शाळेत गणितात चांगले गुण असते, तरी इतक्या वर्षांनी ते वर्गाचा नियम विसरले नसते कशावरून?

खडूफळा
हे मात्र मान्य. जुनी मार्कशीट तेही सांगत नाही.

पायवाट
मग दोघंही एकच सांगताय की! सूट नको, जुने गुणही नकोत, आज काय येतं ते बघा. स्पेनमध्ये २५ वर्षांवरच्यांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि ४० नंतर कामाच्या अनुभवावर, मुलाखत घेऊन प्रवेश देण्याची वाट आहे. आयर्लंडमध्ये प्रवेशाच्या वर्षी १ जानेवारीला २३ पूर्ण असतील तर 'प्रौढ' म्हणून अर्ज करता येतो. इंग्लंडमध्ये शाळेचे गुण नसलेल्यांना विद्यापीठासाठी तयार करणारा ॲक्सेस डिप्लोमा आहे: ६० क्रेडिट्स, त्यातल्या ४५ ना श्रेणी मिळते. मन लावून केला तर साधारण वर्षभराचं काम.

माजघर
ॲक्सेसबद्दल एवढं गुलाबी नको. माझ्या मामेबहिणीने नोकरी सांभाळून तो केला, श्रेणी उत्तम. मग विद्यापीठाने पत्र धाडलं की शाळेच्या पातळीचं गणित आणि इंग्रजी वेगळं दाखवा. अट छापलेली होती, पण तळटीपेत. वर्ष गेलं. तेव्हा सांजवेळताई, काहीही करण्याआधी विद्यापीठाला ईमेल टाका, 'माझ्याकडे हे हे आहे, चालेल का?' आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'चालेल हो' कामाला येत नाही. शिफारसपत्रही कामावरच्या वरिष्ठांचं चालेल का तेही त्यातच विचारा, बऱ्याच ठिकाणी चालतं.

एका_मार्काने
वेगळी परीक्षा असेल तर माझी हरकत नाही. फक्त ती खरी परीक्षा असू दे, चहा पाजून घेतलेली मुलाखत नको.

सांजवेळ
ईमेल पाठवला. शिवाय सरांच्या नादाने काल रात्री शाळेच्या गणिताचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवला. औषधांच्या मात्रांमुळे प्रमाण आणि टक्केवारी सगळी बरोबर आली. बीजगणितात पार धुव्वा. आणि सर, ऋण संख्येचा वर्ग मीही ऋणच लिहिला होता.

खडूफळा
कंसात घालून मग वर्ग करा. कुठला पेपर होता? उरलेलीही पाठवा.